मध, मेण आणि खुरासणी

बिरवाडीतून पूर्वेला पाहिले की भातखाचरे जिथे संपतात तिथून सह्याद्रीचा चढ सुरू होतो. खाचर आणि जंगल यांच्या मधली ही उताराची जमीन म्हणजे वरकस. महाड-पोलादपूरच्या इतिहासात रायगडाला मान आहे, घाटवाटांना आहे, भाताच्या साऱ्यालाही आहे. वरकसाकडे मात्र अभ्यासक सहसा फिरकत नाहीत. या उतारांवर दसऱ्याच्या आगेमागे पिवळी फुले येत. ती खुरासणीची. घाटावर हिलाच कारळे म्हणतात. या फुलांवर येणाऱ्या माशीचा इतिहास लिहायला बसले, तर कागदपत्रांत मधाची नोंद सापडते, मेणाची सापडते. शेतातली माशी फारशी सापडत नाही.

वरकसाची शेती फेरपालटाची. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, त्यानंतर जमिनीचा कस उतरला की हरीक, तीळ किंवा खुरासणी, आणि मग काही वर्षे पड. खुरासणी म्हणजे शेवटच्या पंगतीचे पीक. तिला खत नको, फारशी राखण नको. घाण्यावर तेल निघे ते घरात आणि पेंड बैलाला. नावावरून ती खुरासानातून आली असे वाटते, पण तिचे मूळ इथिओपियात आहे. तिकडे ती आजही महत्त्वाचे तेलपीक आहे आणि तिच्या फुलांवरचा मधही तिथे ओळखीचा आहे.

या पिकाची एक खोड आहे. खुरासणीच्या झाडाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही. दाणा भरायचा तर दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि तो आणण्याचे मुख्य काम माशीचे. भाताला वारा पुरतो, किंबहुना भात आपले आपणच उरकून घेते. म्हणूनच खाचराच्या हिशेबात माशी आली नाही. वरकसाच्या हिशेबात ती यायला हवी होती.

माशीलाही या पिकाची गरज होती. सह्याद्रीत पावसाळा हा तिच्या उपासमारीचा काळ. जूनपासून चार महिने बाहेर पडणे अवघड, पोळ्यातला साठा संपत आलेला. पाऊस ओसरल्यावर आश्विनात जी फुले मिळतील त्यांवर वसाहत पुन्हा उभी राहते. रानात व्हायटी आणि कारवी असतात, पण कारवी सामूहिकपणे फुलते ती सात-आठ वर्षांनी एकदा. तिच्यावर दरवर्षीचा संसार चालत नाही. खुरासणी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या उतारावर असे. शेतकऱ्याने हे माशीसाठी केले, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याला तेल हवे होते.

आता कागदांकडे वळू. १८७८च्या जंगल कायद्यात वनोपजाची व्याख्या आहे. कातडी, दात, शिंगे, हाडे, रेशीम यांच्या रांगेत मध आणि मेण हे दोन शब्द येतात. १९२७च्या कायद्यात ते तसेच राहिले. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत ते पुन्हा आहेत. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की तिथे ते आदिवासींच्या आणि परंपरागत वननिवासींच्या हक्कात मोडतात. म्हणजे सव्वाशे वर्षांत मध कोणाचा या प्रश्नाचे उत्तर बदलले. पण पोळ्यातून काय निघते यापलीकडे, ते पोळे शेजारच्या शेताला काय देते, हा प्रश्न या व्याख्यांना पडलेला नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. महाराष्ट्रातल्या मधमाशीपालनाची ही राजधानी. स्वातंत्र्याच्या आगेमागे ग्रामोद्योगाच्या चळवळीतून इथे सातेरी माशीच्या पेट्या आल्या, पुढे सहकारी सोसायटी उभी राहिली. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. त्याच वर्षी आर. पी. फडके यांनी महाबळेश्वरच्या एकपुष्पी मधांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. जांभळाचा मध आणि हिरड्याचा मध यांतला फरक, जो जाणत्याच्या जिभेला ठाऊक होता, तो आकड्यांत मांडला गेला. काम नमुनेदार आहे. पण घाटमाथ्यावर विषय मधाचा होता, कारण तिथे जंगल होते आणि गिऱ्हाईक होते. घाटाखाली विषय परागीभवनाचा व्हायला हवा होता, आणि इथे तर पेटीही फारशी उतरली नाही.

मधल्या काळात वरकस सुटला. खोती गेली, कुळे मालक झाली, पण तरुण हात मुंबईला लागले होते. पुढे बिरवाडीच्या दारातच औद्योगिक वसाहत झाली. दुकानात तेलाची पिशवी मिळू लागल्यावर खुरासणीसाठी चढावर नांगर कोण नेणार? काही उतारांवर गवत आले. काहींवर १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून आंबा आणि काजू. नुकसान सरसकट झाले असे नाही. मोहोरावरही माश्या येतात, आणि आंब्याचे बरेचसे परागीभवन तर आपण ज्यांना हाकलतो त्या साध्या माश्याच करतात. पण मोहोर येतो हिवाळ्यात. आश्विनातली पोकळी तशीच राहिली. शिवाय मोहोराबरोबर तुडतुड्यांसाठी फवारणी आली. फूल उमललेले असताना औषध मारले, तर तुडतुड्याबरोबर परागीभवन करणारे कीटकही मरतात.

अलीकडे सरकारदरबारी कीटकांना बरे दिवस आहेत. २०१५ साली ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू झाले. तिच्या अळीला लिंबाच्या कुळातला पाला लागतो, तेव्हा परसातले ईडलिंबूही तिच्या कामाचे. अळी दिसली की झाडावर औषध मारणारे आपणच, ही गोष्ट वेगळी. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. आनंदाची गोष्ट. तरी नावात मध आहेच! खाली महाड-पोलादपुरात एखाद्या गावाने असे नाव घ्यायचे ठरवले, तर मोजमाप वेगळे ठेवावे लागेल: परसातल्या वेलीला काकड्या किती धरल्या, वालाच्या शेंगा किती भरल्या, आणि वालावर येणाऱ्या भुंग्यांना पोखरायला वाळके लाकूड बांधावर उरले आहे का.

वरकसाचा एखादा तुकडा पुन्हा खुरासणीखाली आणायला मोठी योजना लागत नाही. मूठभर बी आणि पावसाळ्यातले काही दिवस पुरतात. अडचण हिशेबाची आहे. चढावरची मजुरी आणि बाजारातला दाण्याचा भाव यांचा मेळ बसत नाही. हे बी भारतातून परदेशीही जाते. तिकडे ते पक्ष्यांना खाऊ म्हणून घालतात. चटणीसाठी लागणारे कारळे बाजारात पुडीत मिळतात.