चिन्हावरून नाणे

यंत्रापुढे चित्र ठेविले की त्यासारखी चित्रे ते धुंडाळून देते, हे आज नवल राहिलेले नाही. रंग, आकृती व पोत यांवरून चित्रे शोधणाऱ्या प्रणालीची माहिती आय. बी. एम.च्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या नाणकशास्त्राला मात्र ही निकड पूर्वीच भासली होती. चांदीच्या आहत नाण्यांवर ना राजाचे नाव, ना वर्ष. केवळ ठोकून उमटविलेली चिन्हे. अक्षरच नसेल तर सूची लावावी कशी?

परमेश्वरीलाल गुप्त व टेरी हार्डेकर यांनी १९८५ च्या ग्रंथात मगध-मौर्य नाण्यांची वर्गवारी दर्शनी बाजूच्या पाच चिन्हांवरून केली. हा ग्रंथ नाशिकजवळील अंजनेरीच्या संस्थेने काढिला. सूर्य व षडरचक्र ही चिन्हे या नाण्यांवर जवळजवळ सर्वत्र आढळतात. म्हणूनच शोधाला ती निरुपयोगी. उरलेल्या तिहींतील विरळ चिन्हच नाण्याचा ठाव सांगते. (आमच्या भेस्तानकडे साडीचा नमुना जुळविणाराही सरसकट वेल सोडून वेगळी बुट्टीच पाहतो.)

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९४० च्या सुमारास, निराळी वाट धरिली होती. हातोहाती फिरून नाणे झिजते आणि त्याच्या पाठीवर पारखीच्या लहान खुणा वाढत जातात. खुणा अधिक तितके वजन कमी, या संबंधावरून त्यांनी तक्षशिलेच्या निधींतील नाण्यांचा कालक्रम लाविला. माझ्या मते ही पद्धत अधिक खोल आहे. झीज छायाचित्रात तोलता येत नाही. वजन न नोंदविणारी चित्रसूची, कितीही देखणी असो, कोसंबींच्या प्रश्नाला मुकीच राहते.