स्पर्धेची रायफल : कारखान्यातील की स्वतःसाठी घडविलेली?

जयपूरच्या अवनी लेखराने ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफल प्रकारात २४९.६ गुणांसह सुवर्णपदक पटकावले. २०१२ मधील मोटार अपघातात मणक्याला इजा झाल्याने ती चाकाच्या खुर्चीत बसून नेम धरते. २०२४ मध्ये पॅरिस येथे तिने २४९.७ गुणांसह पुन्हा सुवर्णपदक मिळविले. तिच्या जडणघडणीत पनवेलच्या प्रशिक्षक आणि माजी ऑलिम्पिक नेमबाज सुमा शिरूर यांचा मोठा वाटा आहे. अशा यशानंतर अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो. मुलासाठी कारखान्यातील तयार रायफल घ्यावी, की त्याच्या मापाने घडवून घ्यावी?

शस्त्र मापाने घडविण्याची परंपरा जयपूरला नवी नाही. येथील जयगड किल्ल्यावर तोफा ओतण्याचा कारखाना होता. सवाई जयसिंह दुसरे यांच्या काळात, १७२० मध्ये, तेथे ‘जयवाण’ ही सुमारे ५० टन वजनाची तोफ तयार झाली. शहरातील राजवाड्याच्या सिलेहखान्यात नक्षीदार तोड्याच्या बंदुका पाहावयास मिळतात. त्या काळी प्रत्येक बंदूक कारागिराच्या हातची असे व एकीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नसे. यंत्रावर एकसारखे सुटे भाग तयार होऊ लागले आणि ही अडचण दूर झाली. कारखान्यातील रायफलीचे खरे सामर्थ्य या एकसारखेपणातच आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दिसणाऱ्या बहुतेक रायफली जर्मनीतील वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ व अनशुट्झ किंवा ऑस्ट्रियातील स्टायर यांसारख्या कंपन्यांच्या असतात. एअर रायफलची नळी ४.५ मिलिमीटर व्यासाची असते आणि संपूर्ण रायफलीचे वजन साडेपाच किलोपेक्षा अधिक असून चालत नाही. दहा मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नळी, हवेचा दाब नियंत्रित करणारी यंत्रणा आणि चाप यांतील सूक्ष्म फरकही येथे गुणांवर परिणाम करतो. ही अचूकता साध्या कार्यशाळेत साधणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणूनच रायफलीचे यांत्रिक अंग कारखान्यातीलच असावे, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही.

खरी निवड पुढे सुरू होते. खेळाडूचा खांदा, गाल आणि तळहात कारखान्याच्या साच्यातून निघत नाही. त्यामुळे आधुनिक रायफलीत खांद्याला टेकणारा मागचा भाग, गाल टेकविण्याची पट्टी, तळहाताखालचा आधार आणि मूठ हे सर्व भाग हलविता व बदलता येतात. मूठ निरनिराळ्या मापांत तसेच उजव्या किंवा डाव्या हातासाठी मिळते. पुष्कळ खेळाडू लाकडी मूठ घासून किंवा लांबी भरून ती आपल्या पंजाला बेतून घेतात. उभ्याने नेम धरणारा खेळाडू डाव्या कोपराला कमरेचा आधार देतो, तर खुर्चीतील खेळाडूचा तोल निराळा असतो. त्यामुळे एकाच्या मापाने जुळविलेली रायफल दुसऱ्याला जशीच्या तशी उपयोगी पडत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर ‘तीन स्थिती’ प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावा लागतो. स्थिती बदलली की रायफलीची मांडणीही बदलावी लागते. म्हणजे रायफल एकच असली, तरी एका स्पर्धेत ती तीनदा नव्याने ‘घडवली’ जाते. छर्रे आणि काडतुसांचेही तसेच आहे. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या उत्पादनगटांतील गोळ्या एका नळीतून वेगवेगळ्या पडतात, म्हणून आपल्या नळीला मानवणारा गट चाचणी घेऊन निवडण्याची पद्धत आहे.

तथापि उत्तम रायफलही निष्काळजीपणा सहन करीत नाही. २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्राला अंतिम फेरीच्या तोंडावर आपल्या रायफलीची साइट सरकल्याचे आढळले. त्याने ती वेळेत जुळवून घेतली आणि भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. आपल्या शस्त्राची संपूर्ण ओळख असणे किती मोलाचे असते, हे या घटनेने दाखवून दिले.

या निर्णयाला कायद्याची बाजूही आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास त्याची किंमत मोठी असते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती किंवा चाचणी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यासाठी किमान सात वर्षे कारावासाची व कमाल जन्मठेपेची तरतूद आहे. ‘ओळखीच्या कारागिराकडून नळी बदलून घेऊ’ हा सल्ला त्यामुळे धोकादायक ठरतो. देशात ईशापूर येथील सरकारी कारखाना ०.३१५ बोअरची रायफल तयार करतो. मात्र ती शिकारी बांधणीची असून ऑलिम्पिक प्रकारांत चालत नाही. मुंगेर व जम्मू येथील परवानाधारक कारखाने प्रामुख्याने बारा बोअरच्या बंदुकांसाठी ओळखले जातात. साहजिकच स्पर्धेची रायफल बहुधा आयात करावी लागते. त्यासाठी नियमांत ‘नावाजलेला नेमबाज’ असा वर्ग असून १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेची भूमिका त्यात महत्त्वाची असते.

नवोदितांनी प्रथम मान्यताप्राप्त क्लबच्या रायफलीवर सराव करावा, असा अनुभवी प्रशिक्षकांचा सल्ला असतो. वाढत्या वयात शरीराची मापे झपाट्याने बदलतात. त्यामुळे घाईने घेतलेली महागडी रायफल वर्षभरात अपुरी पडू शकते. नेम धरण्याची पद्धत स्थिर झाल्यावर, भाग हलविता येणारी कारखान्यातील रायफल घ्यावी आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ती स्वतःच्या शरीराला जुळवून घ्यावी. रायफलीचे यंत्र कारखान्याचे आणि बांधणी खेळाडूची, हाच मध्यम मार्ग बहुतेकांसाठी सुरक्षित, कायदेशीर आणि परवडणारा ठरतो.