सुपरमार्केटची नैतिक व पर्यावरणीय जबाबदारी

सुपरमार्केटची नैतिक व पर्यावरणीय जबाबदारी म्हणजे मालाची खरेदी, वजन, किंमत, वेष्टन, कर्मचाऱ्यांना मिळणारी वागणूक आणि कचरा यांबाबत मोठ्या किरकोळ विक्रेत्याने पाळावयाची बंधने होत. यांतील काही बंधने कायद्याने घातलेली, तर काही स्वेच्छेने स्वीकारलेली असतात. सातारा व सांगली हे जिल्हे शेतमालाचे उत्पादक प्रदेश असून ग्राहकांची बाजारपेठही आहेत. त्यामुळे येथे हा प्रश्न शेतकरी आणि ग्राहक या दोन्ही बाजूंनी उपस्थित होतो.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहक सहकारी संस्थेने शुद्ध माल व अचूक वजन ही तत्त्वे स्वीकारली. मुंबईत नायगाव येथे १९४८ मध्ये गिरणी कामगारांच्या सहकारातून अपना बाजार सुरू झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या वारणा बाजाराने हा विचार ग्रामीण भागात नेला. त्याच्या शाखा सांगली जिल्ह्यातही निघाल्या.

खरेदी व मालाचे मूळ

महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. त्यामुळे विक्रेत्यास बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट शेतकऱ्याकडून खरेदी करता येते. अशा व्यवहारात दर, प्रतवारी, नाकारलेला माल आणि पैसे देण्याची मुदत हे कळीचे मुद्दे ठरतात.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी (२०१०), सांगलीचा बेदाणा (२०१६) व सांगलीची हळद (२०१८) यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अन्य प्रदेशातील माल या नावांनी विकणे ही ग्राहकाची फसवणूक असून मूळ उत्पादकाचेही त्यात नुकसान होते. आवेष्टित मालावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत व आवेष्टकाचे नाव छापणे बंधनकारक आहे.

प्लॅस्टिक व पिशव्या

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या उल्लंघनासाठी ५,००० रुपये, दुसऱ्यासाठी १०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी २५,००० रुपये दंड व तीन महिने कारावास अशी तरतूद आहे. देशभरात एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली.

स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड (२०२०), विटा (२०२१) व पाचगणी (२०२२) देशात प्रथम आली. मात्र शहराची स्वच्छता व विक्रेत्याची जबाबदारी या वेगळ्या बाबी आहेत: नगरपरिषद कचरा उचलते, तर वेष्टन किती वापरायचे हे उत्पादक व विक्रेता ठरवतात.

ग्राहकांचे हक्क

बंदीनंतर अनेक दुकानांनी कापडी वा कागदी पिशवीचे वेगळे पैसे आकारण्यास सुरुवात केली. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारशी संबंधित प्रकरणात, पूर्वसूचना न देता असे पैसे घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. ग्राहकाला स्वतःची पिशवी आत नेऊ न देता पैसे देण्याच्या खिडकीवर नवी पिशवी विकत घ्यायला लावणे, हा त्यातील मुख्य आक्षेप होता.

कर्मचारी

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार कर्मचाऱ्यांस साप्ताहिक सुट्टी व जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन देय आहे.

मर्यादा

कायदा वजन, किंमत व पिशवी यांवर नियंत्रण ठेवतो. परंतु डाळी, बिस्किटे व मसाल्यांची कारखान्यात भरलेली वेष्टने दुकानातून तशीच बाहेर पडतात. पिशवी बदलूनही त्यांचा कचरा उरतो. तो परत घेण्याची जबाबदारी नियमांनी प्रामुख्याने उत्पादक, आयातदार व ब्रँडमालकांवर टाकली आहे.