बिरसी विमानतळ : इंग्रजांच्या धावपट्टीपासून हैदराबादच्या विमानापर्यंत

गोंदिया : तालुक्यातील बिरसीचं विमानतळ आज सगळ्यांना माहीत आहे. पण ही धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 च्या सुमारास, इंग्रज सरकारने ती लष्करी कामासाठी बांधली. मुंबई-हावडा रेल्वे आणि गोंदियाचं जंक्शन जवळ, हा या जागेचा मोठा फायदा.

युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी राहिली. ती बांधकाम खात्याकडे आली. ऑगस्ट 1998 मध्ये एमआयडीसीने ताबा घेतला. तेव्हा गोंदिया जिल्हाही झाला नव्हता, आपण भंडाऱ्यातच होतो. डिसेंबर 2005 मध्ये ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली आणि खरं काम सुरू झालं. त्या वेळी प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते, हे विसरून चालणार नाही. आता धावपट्टी सुमारे 2,300 मीटर आहे.

विस्तार म्हटला की जमीन आलीच. धानाच्या बांध्या गेल्या, बिरसीतल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. विमानतळाच्या बातम्यांत उद्घाटनाचे फोटो मोठे येतात, ही गोष्ट मात्र दोन ओळीत संपते. ज्याची बांधी गेली त्याला विमानाचं तिकीट काय कामाचं?

प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीने मिळून इथे वैमानिक प्रशिक्षण संस्था काढली. रोवणी करताना डोक्यावरून घिरट्या घालणारी लहान विमानं तीच. या शिकण्यात जीवही गेले आहेत. 26 एप्रिल 2017 ला बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान देवरीजवळ वैनगंगेवरच्या तारेला अडकून नदीत पडलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघंही वाचले नाहीत.

प्रवासी विमान यायला मार्च 2022 उजाडलं. फ्लायबिग कंपनीने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली, पण ती काही महिन्यांतच बंद पडली. मग 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोचं विमान हैदराबादमार्गे तिरुपतीला जाऊ लागलं.

विमानतळाच्या आसपास परसवाडा, झिलमिली ही तलावांची गावं आहेत. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला तो मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात, आणि या तलावांवरही तो दिसतो.