परवलीचा शब्द आणि चोरदिंडी

परवलीचा शब्द संगणकाबरोबर जन्मास आला असें कोणी समजत असेल तर तें खरें नव्हे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस यानें रोमन छावणीचें वर्णन केलें आहे. तेथें रोजचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकडीतुकडींतून फिरे आणि काळोखापूर्वीं पाटी परत येई. एखादी न आली तर ती कोठें अडली तें खुणांवरून शोधीत.

संगणकाला हा शब्द लागला तो अमेरिकेंत. १९६१ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेंत फर्नांडो कोर्बातो यांनीं एकच यंत्र अनेकांनीं वापरण्याची पद्धति दाखविली, आणि ज्याचे कागद त्याच्यापाशीं राहावे म्हणून प्रत्येकास शब्द मिळाला. पण सारे शब्द एकाच यादींत, जसेच्या तसे! १९६२ सालीं अ‍ॅलन शेर या विद्यार्थ्यानें ती यादीच छापून घेतली. हेतु एवढाच कीं, यंत्रावर अधिक वेळ मिळावा. विद्यार्थी सर्वत्र सारखेच. पुढें १९७९ सालीं रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीं युनिक्स प्रणालींतील उपाय प्रसिद्ध केला: शब्द ठेवूंच नये, त्याचें गणिती रूप तेवढें ठेवावें. पिठाचे पुन्हा गहूं होत नाहींत, तसें तें रूप उलट फिरत नाहीं. म्हणून विसरलेला शब्द यंत्र सांगत नाहीं. त्यालाच तो ठाऊक नसतो.

मग नवा शब्द बसवावा, तर तेवढ्यानें दार उघडेलच असें नाहीं. २००७ सालीं बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या कांहीं आवृत्त्यांपासून तबकडीवरील मजकूरच कूटांत ठेवण्याची सोय झाली. यंत्रास संशय आला कीं तें ४८ अंकी किल्ली मागतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यास एकच दरवाजा असणें हा मोठा दोष मानला आहे. अधिक दरवाजे व चोरदिंड्या कराव्या, आणि राबत्यास लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्या, असें तें सांगतें. ही ४८ अंकी किल्ली म्हणजे तशीच चिणलेली चोरदिंडी होय.

आमच्या मांजरींत एका घरीं वडील वारले. जमिनीच्या मोडी कागदांचें त्यांनीं केलेलें बाळबोध लिप्यंतर त्यांच्या लॅपटॉपमध्यें होतें, आणि वांटणीच्या दाव्याची तारीख जवळ आली होती. नवा शब्द मागावा, तर खुणेचा आंकडा वडिलांच्या बंद झालेल्या फोनवर जाई. दुरुस्तीवाल्यानें दुसऱ्या तबकडीवरून यंत्र चालवून पाहिलें. त्याबरोबर पडद्यावर ४८ अंकांची मागणी उभी राहिली. शेवटीं सातबाराच्या उताऱ्यांच्या बासनांत तो छापील कागद सांपडला, परंतु एका गटांतील एक अंक ओल लागून गेलेला.

येथें शाळेंतील गणित कामीं आलें. या किल्लींत सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटास ११ नें निःशेष भाग जातो. समजा, २८ पुढें एक अंक गेलेला आणि मग ४१७ असा गट आहे. एकाआड एक अंकांच्या बेरजा घ्याव्या: एकीकडे ८, ४ व ७ मिळून १९, दुसरीकडे २ व १ मिळून ३ आणि गेलेला अंक. अंतर ११ यावयाचें, म्हणजे दुसरी बेरीज ८ हवी. गेलेला अंक ५. दुसरा कोणताहि अंक तेथें बसत नाहीं. याच रीतीनें त्या कागदावरील अंक काढून दिला. मुलांनीं आठहि गट भरले, यंत्र उघडलें, आणि लिप्यंतराचीं पानें तारखेपूर्वीं वकिलांच्या हातीं पडलीं.