भिंतीवरची बंदूक

लष्करातल्या एखाद्या जुन्या वाड्यात खंडेनवमीला गेले, की देवघरासमोर पाटावर तलवारीशेजारी एक लांब नळीची बंदूक ठेवलेली दिसते. तिला हळदकुंकू वाहिले जाते, फूल चढते आणि मग ती पुन्हा भिंतीवर जाते. ‘ही कोणाची?’ असे विचारले, तर ‘पणजोबांची’ एवढेच उत्तर मिळते. ज्या वस्तीचे नावच दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीवरून पडले, तेथील घरात बंदूक असावी यात नवल नाही. नवल याचे, की तिच्याविषयी यापलीकडे आपणांस काही सांगता येत नाही.

वस्तुतः बंदूक स्वतःच पुष्कळ सांगते. महादजी शिंद्यांनी १७८४ साली डी बॉयन यास चाकरीत घेतले. त्याच्या कंपूंसाठी आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर हा स्कॉट कारागीर दहा रुपयांस एक याप्रमाणे बंदुका घडवीत असे. त्या पिढीच्या बंदुकीच्या घोड्यात गारगोटी धरलेली असते आणि नळी आतून गुळगुळीत असते. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि लगेचच्या तहाने दरबारची फौज नऊ हजारांवर आणली गेली. कित्येक घरांतील शस्त्र खुंटीला लागले ते तेव्हाच असावे.

जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरच्या रणात पडल्या, तेव्हा ह्यू रोजच्या गोऱ्या पलटणींकडे १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल होती. तिच्या नळीत तीन पेचदार खाचा असत. इंग्लंडमधील एन्फील्डच्या कारखान्यातील यंत्रे अमेरिकेतून आणलेली होती आणि तेथील प्रमुख अभियंता जेम्स बर्टन हाही हार्पर्स फेरीच्या अमेरिकी शस्त्रशाळेतून आलेला होता. एका बंदुकीचा भाग दुसरीस बसावा, ही किमया त्या यंत्रांची. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत हीच रायफल लाखोंच्या संख्येने दोन्ही पक्षांनी विकत घेतली.

म्हणूनच ग्वाल्हेरच्या भिंतीवरील एन्फील्डच्या जुळ्या बहिणी आज अमेरिकेत आढळतात. तेथे १९५० पासून नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशनचे सभासद यादवीकालीन बंदुका दुरुस्त करून त्यांनी नेमबाजी करतात. दारू तोलून भरतात आणि बार झाल्यावर गरम पाण्याने नळी धुतात, कारण काळ्या दारूची राख ओल शोषून लोखंड खाते. पुष्कळजण तर मूळ वस्तू जपून नव्या घडविलेल्या प्रतिकृतीनेच नेम साधतात.

त्यांचा हा छंद पाहून आम्हांसही मोह होतो. परंतु येथे तो आवरावा, असे आम्हांस वाटते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात मोकळीक आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्रास. दुरुस्तीने चालू शकेल, तिला परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीने तर परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रेही तीत धरली गेली. चालू करण्याच्या हौसेने आपण स्मृतीचे हत्यार करून बसू.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. तोंडाने भरावयाच्या जुन्या बंदुका कित्येकदा भरलेल्याच सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. घरच्या बंदुकीत बार आहे अशी शंका आली, तर ती ठोकू नये, तापवू नये, जाणकारास दाखवावी. बार नसल्याची खात्री झाल्यावरही पॉलिशकागद व लिंबू यांस दूर ठेवावे. घासून लखलखीत केलेल्या पट्टीवरील मुकुट, सन आणि कारखान्याची खूण कायमची पुसली जाते. लोखंडास तेलाचा पुसट हात आणि लाकडास थोडे जवसाचे तेल पुरे.

आमच्या मते खरा जीर्णोद्धार कागदावर होतो. या खंडेनवमीला पूजा आटोपली, की त्या खुणा वहीत उतरवून घ्याव्यात, नळीची लांबी मोजावी आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस बंदुकीची हकीकत विचारून तिच्याच शब्दांत लिहून ठेवावी. लोखंड आणखी शंभर वर्षे टिकेल. ती हकीकत सांगणारे मात्र आपल्या डोळ्यांदेखत कमी होत आहेत.