किडनीच्या डॉक्टरांकडे जायला उशीर का होतो? आणि गेल्यावर नेमकं काय घडतं?

"क्रिएटिनीन ४.२ आलंय. एकदा नेफ्रॉलॉजिस्टना दाखवून घ्या."

फॅमिली डॉक्टरांकडून हे वाक्य ऐकून माणूस घरी येतो आणि पुढच्या तासाभरात तीन गोष्टी होतात. कुणीतरी 'नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे कोण' हे मोबाइलवर शोधतं. कुणीतरी नात्यातल्या, डायलिसिसवर असलेल्या माणसाची आठवण काढतं. आणि कुणीतरी म्हणतं, "तिकडे गेलं की डायलिसिसच लावतात. आधी दुसरं काहीतरी करून बघू."

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडते. त्या 'दुसरं काहीतरी'मध्ये चार-सहा महिने सहज निघून जातात आणि मग किडनीच्या डॉक्टरांशी पहिली भेट ओपीडीत न होता थेट आयसीयूत होते. श्वास लागलेला, अंगावर सूज, मानेतून डायलिसिसची नळी टाकलेली. घरच्यांच्या मनात ठसतं ते एवढंच की डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी डायलिसिस लावलं. म्हणजे ज्या समजामुळे उशीर झाला, तो समज त्या उशिरामुळेच आणखी पक्का होतो.

मुळात जायचं कुणाकडे?

इथूनच गोंधळ सुरू होतो. मुतखडा, प्रोस्टेट, लघवीच्या मार्गातला अडथळा यासाठी यूरॉलॉजिस्ट असतात आणि ते सर्जन असतात. किडनीचं गाळण्याचं काम बिघडलं असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, क्रिएटिनीन वाढलं असेल, तर नेफ्रॉलॉजिस्ट. हे औषधांचे डॉक्टर. एमडी झाल्यावर आणखी तीन वर्षं शिकून ते डीएम होतात. प्रत्यारोपणात मात्र दोघंही लागतात. शस्त्रक्रिया यूरॉलॉजिस्ट करतात आणि नवी किडनी टिकवण्याचं पुढचं सगळं काम नेफ्रॉलॉजिस्ट बघतात.

१४० कोटींच्या देशात नेफ्रॉलॉजिस्टची संख्या काही हजारांतच आहे आणि त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले गावकरी वर्षानुवर्षं किडनीच्या आजारांची तक्रार करत आले आहेत. तिथल्या एखाद्या गावातून तज्ज्ञाकडे जायचं तर एका भेटीसाठी अख्खा दिवस, एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोजगार, एवढा खर्च होतो. मग 'पुढच्या महिन्यात जाऊ' हे कुणी आळसाने म्हणत नाही.

दुखत नाही, हाच घोळ

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक परत शरीरात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतो. ही यंत्रणा इतकी सढळ आहे की निम्मं काम बंद पडलं तरी माणसाला काहीच जाणवत नाही. क्रिएटिनीनचा आकडासुद्धा तोपर्यंत फारसा हलत नाही. थकवा, भूक मरणं, मळमळ, खाज, पायावर सूज ही लक्षणं बरीच उशिरा येतात.

त्यामुळे पहिल्या भेटीत डॉक्टर सांगतात, "हे बरंच जुनं दिसतंय", तेव्हा रुग्णाचा विश्वासच बसत नाही. गेल्या महिन्यापर्यंत शेतात काम करणाऱ्या, रोज लोकलने ऑफिसला जाणाऱ्या माणसाला हे पटावं तरी कसं? इथे डॉक्टरांनी दोन मिनिटं जास्त थांबायला हवं. अनेक रुग्णांची तक्रार नेमकी हीच असते की ती दोन मिनिटं मिळत नाहीत. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात ६७ देशांचा आढावा आला होता. त्यात भारतात प्राथमिक उपचार करणारा डॉक्टर एका रुग्णाला सरासरी दोनच मिनिटं देतो, असं दिसलं. तज्ज्ञांकडे यापेक्षा थोडा जास्त वेळ मिळत असेल, पण बाहेर पन्नास जण नंबर लावून बसलेले असतात.

१.४ म्हणजे किती वाईट?

क्रिएटिनीन हा स्नायूंमधून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते, म्हणून रक्तात तो वाढला की किडनीचं काम कमी झालं असं समजतात. पण हा आकडा एकटा वाचून उपयोग नाही. २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनीन १.४ असेल तर त्याचा 'ईजीएफआर', म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ७० च्या आसपास येतो. ६५ वर्षांच्या बाईंचं तेच १.४ असेल, तर ईजीएफआर ४२ च्या जवळ येतो. लॅबच्या कागदावर दोघांपुढे सारखाच छोटासा बाण छापलेला असतो.

ईजीएफआरवरून आजाराचे पाच टप्पे पाडतात. ९० च्या वर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ३० ते ५९ तिसरा, १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. पहिल्या दोन टप्प्यांत लघवीतून प्रथिनं जाण्यासारखी दुसरी खूणही सापडावी लागते. नुसता ८० आकडा म्हणजे आजार नव्हे. शिवाय बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला, तरच त्याला 'क्रॉनिक' म्हणतात. सुरुवातीला ज्या ४.२ बद्दल बोललो, ते पंचावन्न वर्षांच्या पुरुषाचं असेल तर ईजीएफआर १६ च्या आसपास येतो. म्हणजे चौथ्या टप्प्याचं शेवटचं टोक.

मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनीनसोबत लघवीची 'एसीआर' तपासणीही करावी, असं डॉक्टर सांगतात. ३० च्या वरचा एसीआर हा अनेकदा क्रिएटिनीन हलायच्या आधीच मिळणारा इशारा असतो. ही तपासणी फार महाग नाही. तरी अनेकांच्या फाइलमध्ये ती सापडत नाही.

डॉक्टर एवढ्या चौकशा का करतात?

पहिल्या भेटीत प्रश्नांची सरबत्ती होते. लघवीला फेस येतो का? रात्री किती वेळा उठता? गुडघ्यासाठी गोळ्या घेता का? कुठलं भस्म, काढा, वजन कमी करायची पावडर? बायकांना कधी कधी विचारतात, चेहऱ्याला कुठलं क्रीम लावता?

शेवटचा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. पण २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक दिसायला लागले. विचारपूस करता करता धागा पोहोचला तो गोरं करणाऱ्या क्रीमपर्यंत. त्या क्रीममध्ये पारा होता आणि तो त्वचेतून शरीरात जात होता.

सगळ्यात जास्त लपवलं जातं ते मात्र साधं असतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वर्षानुवर्षं घेतल्या, तर आधीच कमजोर किडनीवर त्यांचा भार पडतो. डॉक्टर रागावतील म्हणून रुग्ण सांगत नाही. काही डॉक्टर खरंच रागावतात, हेही खरं. पण ही माहिती न मिळाल्यामुळे कारण शोधायला बायोप्सीपर्यंत जावं लागलं, तर तोटा रुग्णाचाच.

"मला शुगर नाही, मग शुगरची गोळी का?"

चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेल्यावर हा धक्का बसतो. डापाग्लिफ्लोझिन हे औषध मधुमेहासाठी आलं, पण मधुमेह नसलेल्या अनेक किडनी रुग्णांमध्येही ते आजाराचा वेग कमी करतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांचंही तसंच आहे. त्या लघवीतून जाणारी प्रथिनं कमी करतात. मात्र सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडं वाढू शकतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. घरच्यांना हे आधी सांगितलेलं नसेल, तर पुढचा रिपोर्ट बघून 'औषधानेच बिघडलं' असं ठरतं आणि गोळी परस्पर बंद होते. औषध सोडण्यामागे अनेकदा हट्ट नसतो, एक न सांगितलेलं वाक्य असतं.

आणखी एक गंमत म्हणजे फॉस्फरस कमी करणारी गोळी. ती जेवणासोबतच घ्यायची असते, कारण अन्नातल्या फॉस्फरसला पोटातच धरून ठेवणं हे तिचं काम. कितीतरी जण ती इतर गोळ्यांबरोबर रात्री झोपताना घेतात. मग तिचा काहीच उपयोग होत नाही.

जेवणाबद्दलही असंच. शहाळ्याचं पाणी, केळी, संत्री यांत पोटॅशियम भरपूर असतं. ज्याचं पोटॅशियम वाढलेलं आहे त्याच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात. आपल्याकडे मात्र आजाऱ्याला भेटायला जाताना पहिल्यांदा शहाळंच नेतात. उलट पोटॅशियम नॉर्मल असलेल्या रुग्णाची फळं, डाळी सगळं बंद करून त्याला अशक्त करून ठेवणारी घरंही कमी नाहीत. पथ्य रिपोर्टवर ठरतं, शेजारच्या काकांच्या यादीवर नाही.

डायलिसिसचा विषय निघतो तेव्हा

चौथ्या टप्प्यात चांगला नेफ्रॉलॉजिस्ट एक गोष्ट करतो आणि रुग्णाला ती अजिबात आवडत नाही. तो आत्ता गरज नसताना डायलिसिसबद्दल बोलायला लागतो. हातात 'फिस्टुला' करून घ्या म्हणतो. फिस्टुला म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेने हाताची धमनी आणि शीर जोडणं. त्यामुळे शीर हळूहळू जाड होते आणि डायलिसिसच्या सुया तिथे टोचता येतात. ती तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून घाई.

रुग्णाला मात्र ऐकू येतं की डॉक्टरांनी आशा सोडली. बरेच जण इथे डॉक्टर बदलतात. दुसरा कुणी 'एवढ्यात गरज नाही' म्हणाला की तो आवडतो. पुढे एका रात्री गरज पडते, फिस्टुला नसतो आणि मानेतली नळी आलीच. त्या नळीत जंतुसंसर्गाचा धोका फिस्टुलापेक्षा बराच जास्त.

हाताबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. फिस्टुला असलेल्या हातावर बीपी मोजायचं नाही, त्यातून रक्त काढायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. बोट ठेवल्यावर तिथे थरथर जाणवते. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

प्रत्येक डायलिसिस कायमचं नसतं, हेही सांगायला हवं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टो होतो, कुणाला साप चावतो, कुणाला मोठा जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी किडनी अचानक थांबते आणि काही दिवस किंवा आठवडे डायलिसिस करून अनेकदा पूर्ववत होते. 'एकदा लावलं की सुटत नाही' ही भीती अशा रुग्णाला नकार द्यायला लावते तेव्हा बरा होऊ शकणारा माणूस जातो.

आठवड्यातून तीन वेळा, चार तास

कायमच्या डायलिसिसचा सर्वसाधारण हिशेब हा असा. आपल्याकडे पैशांमुळे किंवा अंतरामुळे अनेक जण दोनदाच करतात. इथे आल्यावर रुग्णाचं नातं डॉक्टरांपेक्षा टेक्निशियनशी जास्त जुळतं. डॉक्टर राउंडला येतात, आकडे बघतात, जातात. सुई कुठे टोचली की कमी दुखते, पाय कधी वळतात, कुणाला मशीनवर असताना चक्कर येते, हे टेक्निशियनला पाठ असतं.

सगळं फिरतं 'ड्राय वेट'भोवती. जास्तीचं पाणी काढल्यावर जे वजन राहायला हवं, ते. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन-चार किलोंनी वाढलं तर तेवढं पाणी चार तासांत ओढावं लागतं आणि बीपी कोसळतं. म्हणून पाणी मोजून प्यायचं. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४४-४५ वर असताना दिवसभरात लिटरभर पाण्यात भागवणं काय असतं, हे तिथल्या रुग्णालाच माहीत. कुणी बर्फाचा खडा चघळतं, कुणी लिंबाची फोड जिभेवर ठेवतं.

पैशांचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, आधी त्यांना गाठायचं. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय सुरू झाली. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही. आणि येण्याजाण्याचा खर्च, जो कित्येकदा घर बसवतो, तो स्वतःलाच करावा लागतो.

प्रत्यारोपण हा बहुतेकांसाठी सगळ्यात चांगला पर्याय, पण तो १९९४ च्या कायद्याच्या चौकटीत. आई-वडील, भावंडं, मुलं, पती-पत्नी, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं हे जवळचे नातेवाईक. नाहीतर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत नाव, आणि थांबणं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर संकोच नको. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. जाताना फक्त शेवटचा रिपोर्ट नेऊ नका. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, चश्म्याच्या नंबरच्या कागदांत अडकलेला जुना क्रिएटिनीनचा रिपोर्ट सापडला तर तो आधी फाइलमध्ये लावा. बिघाड जुना आहे की आत्ताचा, हे डॉक्टरांना अनेकदा त्याच एका कागदावरून कळतं.